शिक्षकांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करताना

आयुष्यभर शिकवलेल्या शिक्षकांच्या स्मरणार्थ काही करायचे ठरले, की सोलापुरात बहुधा शाल, श्रीफळ आणि गुणवंतांना पाकिटे एवढ्यावर कार्यक्रम आटोपतो. शिष्यवृत्ती टिकवायची असेल, तर प्रथम कुटुंबीयांची लेखी संमती घ्यावी आणि जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे की, सर कोणत्या मुलांच्या घरी स्वतःहून जात असत. शिक्षण अर्धवट सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांच्या घरी जाणाऱ्या शिक्षकाच्या नावाने नव्वद टक्क्यांची अट घालणे विसंगत होय; निवडीचे निकष त्या उत्तरांतूनच ठरवावेत.

पैशाची व्यवस्था हा सर्वांत नाजूक भाग आहे. नवा न्यास काढल्यास धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, वार्षिक हिशेब आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज हे सारे मागे लागते, त्यामुळे लहान निधीसाठी एखाद्या नोंदणीकृत शिक्षणसंस्थेकडे लेखी करार करून स्वतंत्र कायम ठेव ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. देणगी मुद्दलासाठीच आहे, असे पत्र प्रत्येक देणगीदाराकडून घ्यावे. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा बँकेमार्फतच रक्कम स्वीकारावी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांची देणगी परकीय ठरते आणि संस्थेकडे परकीय योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. परदेशात राहूनही भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यांना ही अडचण नाही. पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला ३५,००० रुपये हाती येतात. त्यांतील ५,००० मुद्दलात मिळवून उरलेल्या रकमेत तीन विद्यार्थ्यांना प्रत्येकी १०,००० देता येतात. रक्कम जूनमध्ये, प्रवेश आणि वह्यापुस्तकांच्या वेळी द्यावी. शिक्षकदिनाच्या समारंभासाठी ती सप्टेंबरपर्यंत अडकवून ठेवू नये.

यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या या शहरात अनेक घरांत तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते. म्हणून मुलाखतीत अस्खलित मराठीला गुण न देता, विद्यार्थ्याला हव्या त्या भाषेत बोलू द्यावे.

शिष्यवृत्तीबरोबर मुलांचा नेतृत्वविकासही साधावा; पण तो म्हणजे हॉटेलातले एक दिवसाचे शिबिर, असा समज येथेही रुजू लागला आहे. त्याऐवजी दुसऱ्या वर्षीच्या शिष्यवृत्तीधारकांवर खरी जबाबदारी सोपवावी : कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीसारख्या ठिकाणी संध्याकाळची अभ्यासिका चालवणे, तिचा छोटा हिशेब ठेवणे आणि तो शिष्यवृत्तीच्या निवड समितीपुढे स्वतः मांडणे. सोबत एक अनुभवी शिक्षक असावा, पण त्याने निर्णय घेऊ नयेत. जिल्ह्यातील परितेवाडीचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझ या आंतरराष्ट्रीय शिक्षक पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली; असे वाटून घेणे मुलांना भाषणापेक्षा कामातून लवकर उमगते. तीन वर्षांनंतर निवड समितीतील एक जागा माजी शिष्यवृत्तीधारकाला मतदानाच्या अधिकारासह द्यावी आणि ही तरतूद पहिल्याच करारात लिहून ठेवावी.