हातचा विसरला की आवाज चढण्यापूर्वी

तापलेल्या तव्याला बोट लागले की चटका नीट जाणवण्याआधीच हात मागे येतो, कारण तो मागे घेण्याचा आदेश मेंदूची वाट न पाहता मज्जारज्जूतूनच सुटतो. नकळत घडणारी ही प्रतिक्रिया आपले रक्षण करते आणि तिच्यात ढवळाढवळ करण्याचे काही कारण नाही. परंतु संध्याकाळी गृहपाठाला बसलेले मूल बेरजेतला हातचा तिसऱ्यांदा विसरते आणि आपला आवाज तितक्याच झटक्यात चढतो, तेव्हा समोर तवा नसतो, आठ वर्षांचे मूल असते. हा प्रसंग माझ्या घरात बराच काळ घडत राहिला, म्हणून तेवढ्याविषयीच लिहिते.

सुरुवात राग आवरण्यापासून करू नये. पहिला आठवडा फक्त नोंद ठेवावी: किती वाजले होते, शब्द तोंडातून निघण्यापूर्वी शरीरात काय झाले आणि त्याआधीच्या तासाभरात काय घडले होते. बहुतेकांना स्वतःची अशी एखादी ठरलेली खूण सापडते. कोणाचा जबडा आवळला जातो, कोणाचे कान तापतात, कोणाचा श्वास छातीतच अडकतो. नखे कुरतडण्यासारख्या सवयी मोडण्यासाठी नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यातही सवय नेमकी कधी आणि कशी सुरू होते हे ओळखायला शिकणे महत्त्वाचे मानले आहे. माझ्या वहीत आठवडाभराने जे दिसले, त्याने मला खरोखर खजील केले: आवाज चढण्याच्या बहुतेक वेळा साडेसातच्या आसपासच्या होत्या, कुकर गॅसवर होता, मी कार्यालयातून येऊन काही खाल्ले नव्हते आणि गणिताचा त्या रागाशी फारसा संबंधच नव्हता. गृहपाठ जेवणानंतर घ्यायला लागल्यावर निम्मे काम तेथेच झाले.

उरलेल्या निम्म्यासाठी ठराव हवा, आणि तो शांत असतानाच करून ठेवावा. ‘आजपासून मी ओरडणार नाही’ हा ठराव टिकत नाही, कारण त्यात कधी आणि काय करायचे हे सांगितलेलेच नसते. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मधील आपल्या लेखात दाखवून दिले, की ‘अमुक घडले, तर मी तमुक करीन’ अशा नेमक्या शब्दांत बांधलेला बेत नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडतो. म्हणून स्वतःची खूण त्यात घालून वाक्य लिहून काढावे. माझे वाक्य असे होते: ‘जबडा आवळला गेला, तर मी पेन्सिल खाली ठेवीन, एक श्वास सावकाश सोडीन आणि विचारीन, हा आकडा कसा आला ते मला सांग.’ श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि तेवढी उसंत पुरते.

या प्रश्नाला मी पेन्सिलीइतकेच महत्त्व देते. तो मनापासून विचारल्यावर कळले, की मुलगा हातचा विसरत नव्हता. तो दशकाऐवजी शतकाच्या घरावर लिहीत होता आणि मग त्याला तो सापडत नव्हता. इतके दिवस मी ज्या चुकीवर ओरडत होते, ती चूक त्याने केलेलीच नव्हती.

राग गिळून गोड बोलणे म्हणजे जाणीवपूर्वक वागणे, असा समज मात्र करून घेऊ नये. वही भिरकावणाऱ्या मुलाला ठामपणे ‘वही उचल’ असे सांगणे हीसुद्धा जाणीवपूर्वक केलेली कृती असू शकते, फक्त काय साधायचे आहे हे ते शब्द उच्चारण्यापूर्वी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

बेत कधीतरी फसेलच. आवाज चढलाच, तर त्याच रात्री, मूल झोपण्यापूर्वी, ‘मी ओरडले, ते चुकले, मला भूक लागली होती, त्यात तुझा दोष नव्हता’ इतके साधेपणाने सांगावे आणि त्याला ‘पण तू सुद्धा’ असे शेपूट जोडू नये. नंतर वहीत त्या दिवसाची वेळ आणि खूण लिहावी. खूण जाणवलीच नसेल, तर ती जागा कोरी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठाला बसताना आधी जबड्याकडे लक्ष द्यावे.