पीसीत दोन ३०९० ग्राफिक्स कार्डं लावताय? आधी पॉवर सप्लाय बघा
आरटीएक्स ३०९० एकटंच ३५० वॅट खातं, म्हणजे दोन कार्डांचे ७००, वर प्रोसेसर, फॅन, एसएसडी धरून हजारच्या आसपास जातंच, आणि ही कार्डं क्षणभर त्याहून बरीच जास्त उसळी मारतात, तेव्हा काठावरचा सप्लाय असेल तर पीसी धाडकन बंद. म्हणून १३००-१६०० वॅटचाच घ्या, सप्लायवरचा नुसता गोल्डचा स्टिकर बघून भुलू नका, तो फक्त एफिशियन्सीचा, म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचा असतो. कार्डावरच्या प्रत्येक ८ पिनच्या पॉवर कनेक्टरला सप्लायपासून वेगळी केबल, एकाच केबलची दोन टोकं वापरायची नाहीत. बजेट कमी असेल तर प्रत्येक कार्डाची पॉवर लिमिट (ते जास्तीत जास्त किती वीज खाईल ती मर्यादा) २८० वॅटवर आणा, स्पीड फारसा जात नाही. आणि हो, १६०० वाला घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर नको, गीझरवाला १६ चा पॉइंट लागेल.