विमानात फोन, लॅपटॉप, पॉवर बँक: काय कुठे ठेवावं, कधी वापरावं

तयारीला आदल्या रात्री, बॅग भरतानाच लागा. पहिलं काम म्हणजे घरातली पॉवर बँक शोधून तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचणं. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, सोबतच्या हातबॅगेतच ठेवायच्या. 100 वॉट-अवरपर्यंतची (Wh, म्हणजे तिच्यात किती वीज मावते त्याचं माप) चालते, 100 ते 160 मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते, त्यावरची घरीच ठेवा.

पाठीवर वॉट-अवर लिहिलेले नसतील तर हिशोब सोपा आहे. तिथे छापलेला एमएएचचा (mAh) आकडा 3.7 ने गुणा आणि 1000 ने भागा. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॉट-अवरची भरते, म्हणजे निश्चिंत राहा. 30,000 वाली 111 वर जाते, तिथे परवानगीचा प्रश्न आला. अक्षरं पुसली गेली असतील किंवा पॉवर बँक फुगली असेल तर ती नेऊच नका. मग ती कितीही महागाची असो.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. लिथियमची बॅटरी आतून शॉर्ट झाली की स्वतःच तापत जाते, एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी लगेच धावून येतात. चेक-इनच्या बॅगा ठेवतात त्या खालच्या कप्प्यात मात्र कुणाचा हात पोहोचत नाही. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग डोक्यावरच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे वळली. सगळे 176 जण बाहेर पडले, पण विमान जळालं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, पॉवर बँक वरच्या कप्प्यातही ठेवू नका. ती डोळ्यांसमोर राहील अशी, समोरच्या सीटखालच्या बॅगेत ठेवा आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज करू नका. एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून तर विमानात ती वापरायलाच बंदी केली आहे.

एक गोष्ट हमखास विसरते. विमान भरलेलं असलं की दारापाशी तुमची हातबॅग घेऊन खाली सामानात टाकतात. बॅग हातातून सोडण्याआधी पॉवर बँक काढून घ्या.

सुरक्षा तपासणीत लॅपटॉप आणि पॉवर बँक वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावे लागतात, तेव्हा त्या वरच भरा. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गाणी-सिनेमे घरच्या वायफायवर उतरवून घ्या.

विमानात बसल्यावर, दार बंद व्हायच्या आत, घरी शेवटचा फोन करून फ्लाइट मोड लावा. जुन्या रेडिओजवळ मोबाइल ठेवला की फोन यायच्या आधी टर्रर्र आवाज यायचा, आठवतं? तशी खरखर वैमानिकाच्या हेडफोनमध्ये येऊ शकते, तीही नेमकी जमिनीवरच्या सूचना ऐकायच्या वेळी. शिवाय वर गेल्यावर फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी संपवतो. फ्लाइट मोड लावून झाला की ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं, त्यामुळे बिनवायरचे इअरफोन चालतात. सूचना सुरू असताना मात्र ते कानातून काढा.

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी लॅपटॉप बंद करून आत ठेवा. जोराचा धक्का बसला तर ती जड वस्तू कुणाच्या तरी डोक्यात जाईल. खिडकीतून फोटो काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण पुण्याचं लोहगाव आणि गोव्याचं दाबोळी हे लष्करी तळ आहेत. तिथे जमिनीवर असताना आणि चढता-उतरताना कॅमेरा बाजूला ठेवा.

फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका. यंत्रणेत चेपला गेला तर बॅटरी फुटून पेट घेऊ शकते. बेल दाबून कर्मचाऱ्यांना बोलवा, ते काढून देतात. फोन किंवा पॉवर बँक हाताला चटका बसेल इतकी गरम लागली, वास आला, धूर दिसला, तरीही तेच करा. क्षणाचीही वाट पाहू नका, संकोच तर मुळीच नको.

उतरल्यावर कर्मचाऱ्यांनी सांगितलं की फ्लाइट मोड काढा, आणि उठायच्या आधी समोरच्या खिशात एकदा हात घालून बघा. इअरफोनची डबी तिथेच राहते.