पिकअप गेला होता, दोष केबलचा

आमची गाडी जुनी, पेट्रोलवाली, केबलच्या ॲक्सिलरेटरची. वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हटलं की पाय दाबून ठेवा, गाडी आपली निवांत! गॅरेजवाल्याने थेट पेट्रोल पंप बदलायला सांगितला. पण आयडलिंग (पाय न दाबता इंजिनचं चालणं) सरळ, मिसिंग म्हणजे मधेच झटके खाणं नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही. म्हणून खर्चाआधी बॉनेट उघडलं.

एअर फिल्टरवर काळी भुकटी अन् कापसाची रुई, नुसती गादी झालेली. नवा टाकला, थोडा फरक पडला. खरी गोम पुढे होती.

इंजिन बंद ठेवून पुतण्याला म्हटलं, "पूर्ण दाब ना बे!"

"काका, खाली टेकलं न पॅडल."

इकडे थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, लिव्हर शेवटच्या स्टॉपपासून बोटभर मागेच. केबल ढिली, मग फुल रेस मिळणार कुठून? ब्रॅकेटवरचे नट सरकवून ढील दोनेक मिलिमीटर ठेवली. फार ताणली तर आयडलिंग चढतं. पॅडल सोडल्यावर लिव्हर झटकन परत येतो का, तेही पाहिलं. हे सोडू नका, अडकला तर जिवावर बेतेल. झडपेभोवतीचं काळं किटण क्लीनर स्प्रे मारून सुती कापडाने पुसलं.

पेट्रोल पंप अजून जुनाच आहे. फिल्टर तेवढा कापसाच्या सीझनमध्ये लवकर उघडतो.