काडतुसाची लांबी कमीजास्त येतेय? डायला हात लावायच्या आधी हे बघा

माझा भाचा टेक्सासला असतो आणि घरीच पिस्तुलाची नाइन एमएमची काडतुसं रीलोड करतो, म्हणजे वापरलेल्या रिकाम्या केसमध्ये प्रेसवर परत दारू आणि गोळी भरतो. तिकडे ते चालतं, आपल्याकडे इंदूरला बसून कुणी करू नका, लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. त्याने विचारलं, मामा, डायचं (प्रेसमध्ये बसवलेल्या साच्याचं) सेटिंग हलवलंच नाही तरी काडतुसांची लांबी वेगवेगळी का येते? मी पीथमपूरला इन्स्पेक्शनमध्ये आहे, त्यामुळे पहिलं हेच सांगितलं की आधी माप तपास.

एकच काडतूस घे आणि पाच-सात वेळा मोज. जॉ पुसून, झीरो बघून, काडतूस तिरकं न धरता. त्याच एका काडतुसात दोन-तीन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक दिसला तर दोष हाताचा किंवा व्हर्नियरचा आहे, प्रेसचा नाही.

माप ठीक असेल तर नुसत्या गोळ्या मोजा. इथेच बहुतेक लोक फसतात, कारण सीटिंग स्टेम, म्हणजे डायमधला गोळी केसमध्ये दाबणारा दांडा, गोळीला टोकावर नाही, बाजूच्या गोलाईवर दाबतो आणि आपण मोजतो टोकापासून. म्हणजे टोकं लहानमोठी असतील तर गोळी बरोबर बसूनही लांबी वेगळीच दिसणार. तीन ते पाच थाऊ इकडेतिकडे झालं तर हँडगनला चालतं, त्यासाठी डाय फिरवत बसू नका, उलट फरक वाढतो.

लांबी हळूहळू कमीच होत चाललीय? मग स्टेम काढून आत बघा, शिशाच्या गोळ्यांना लावलेलं ल्यूब (वंगण) आत थापलं जातं, काळा मेणासारखा थर बसतो आणि तेवढी गोळी जास्त खाली जाते. तो साफ करा, डाय जागेवर धरणारी लॉक रिंग सैल नाही ना तेही बघा.

प्रोग्रेसिव्ह प्रेस (हँडलच्या एका फेरीत अनेक स्टेशनांवर काम करणारा) असेल तर सुरुवातीची आणि शेवटची काडतुसं वेगळी येतात, कारण सगळी स्टेशनं भरलेली असताना शेलप्लेटवर (केसेस धरणाऱ्या प्लेटवर) लोड वेगळा पडतो. म्हणून डाय सेट करायची ती प्लेट पूर्ण भरलेली ठेवूनच, आणि हँडल दर वेळी शेवटपर्यंत. एकाच डायमध्ये सीटिंग आणि क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं) करत असाल तर दोन्ही वेगळं करा, लहानमोठ्या केसेसमध्ये गोळी अजून खाली जात असतानाच क्रिंप पकडायला लागतो.

लांब काडतूस मॅगझिनमध्ये किंवा चेंबरमध्ये अडकेल, पण खरी काळजी आखूडची. नाइन एमएमची कमाल लांबी १.१६९ इंच म्हणजे २९.६९ मिमी, पण गाठायचं माप तुमच्या लोड डेटात (दारू-गोळीच्या मापांच्या कोष्टकात) त्याच गोळीसाठी दिलेलं असतं तेच. नाइन एमएममध्ये जागाच इतकी कमी की गोळी जरा जास्त आत गेली तरी प्रेशर झपाट्याने चढतं. तयार काडतुसाचं टोक टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून परत मोजा. गोळी आत सरकली तर केसची पकड ढिली आहे, केस आवळणारी साइझिंग डाय आणि तिचं तोंड रुंदावणारा एक्सपांडर तपासा, आणि ती काडतुसं अजिबात फायर करू नका, पुलरने गोळी काढून घ्या.

भाच्याकडे स्टेममध्ये थरच निघाला.