भांडवलशाही आणि औद्योगिकीकरणाविषयीची जुनी मते कशी वाचावीत

भांडवलशाही आणि कारखानदारी यांवरचा वाद अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो वाचायला बसणारा नवखा वाचक बहुधा पहिल्याच दिवशी विचारवंतांची दोन गटांत वाटणी करून टाकतो: हे बाजूचे, ते विरोधातले. अशा वाटणीमुळे त्यांच्या लेखनातील सर्वांत मोलाचा भाग हातून निसटतो, कारण यांतील बहुतेक मोठ्या लेखकांनी आपल्याच बाजूला अडचणीत आणणारे काही ना काही प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले आहे. ते पान शोधणे, ही माझ्या मते या विषयाच्या अभ्यासाची खरी पद्धत आहे. ते कसे शोधावे, हे पुढे सांगतो.

सर्वप्रथम भांडवलशाही आणि औद्योगिकीकरण या दोन गोष्टी मनात वेगळ्या कराव्यात. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे भाग ॲमस्टरडॅममध्ये विकले आणि विकत घेतले जात होते. भांडवल, नफा आणि जोखीम हे सारे तेथे होते, पण वाफेचे इंजिन नव्हते. उलट १९२८ पासूनच्या सोव्हिएत पंचवार्षिक योजनांनी खाजगी मालकी बाजूला सारून पोलाद आणि वीज यांचे प्रचंड कारखाने उभे केले. म्हणून कोणतीही टीका वाचताना लेखकाचा आक्षेप यंत्रावर आहे, मालकीवर आहे की बाजारपेठेच्या नियमांवर आहे, हे आधी ठरवावे.

हा भेद न केल्यामुळे ज्यांच्यावर सर्वाधिक अन्याय झाला, ते म्हणजे लडाइट कामगार. १८११ पासून नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणण्याचे माग फोडणाऱ्या या कारागिरांना आजही प्रगतीचे आंधळे शत्रू समजले जाते. वास्तविक मोजे विणण्याचा माग १५८९ चा. त्या यंत्रावर तेथील पिढ्यांनी पोट भरले होते. त्यांची तक्रार अशी होती की काही मालक रुंद मागांवर कापड विणून त्याचे तुकडे शिवून हलक्या प्रतीचे मोजे बाजारात आणतात, उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून काम न शिकलेल्या माणसांना कमी पैशांत कामाला लावतात आणि त्यामुळे साऱ्या धंद्याची मजुरी खाली येते. म्हणजे हा वाद यंत्र कोणत्या अटींवर चालावे याचा होता. ब्रिटिश संसदेने १८१२ मध्ये माग फोडण्याला मृत्युदंड ठरवला. कवी बायरन यांनी लॉर्डांच्या सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात या कायद्याला विरोध केला होता.

दुसरे, मत केव्हाचे आहे ते पाहावे. ॲडम स्मिथ यांचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथ १७७६ चा आहे. जेम्स वॉट यांची सुधारलेली वाफेची इंजिने त्याच वर्षी प्रथम कामाला लागली. त्यामुळे स्मिथ यांच्यासमोर धुराड्यांचे मँचेस्टर नव्हतेच. त्यांच्यासमोर होत्या मक्तेदारी मिळालेल्या व्यापारी कंपन्या, कारागीर संघांची बंधने आणि टाचण्यांचे लहान कारखाने. दहा माणसांनी कामाची वाटणी केली तर दिवसाला ४८,००० टाचण्या होतात, हे त्यांचे उदाहरण सर्वांना पाठ असते. मात्र त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात ते लिहितात की ज्या माणसाचे आयुष्य दोन-चार सोप्या क्रिया करण्यात जाते, त्याची बुद्धी वापराविना मंदावते आणि शासनाने काळजी घेतली नाही तर बहुसंख्य श्रमिकांची हीच गत होते. म्हणून सामान्यांच्या शिक्षणाचा काही भार सार्वजनिक खर्चातून उचलावा, असे ते सुचवतात. श्रमविभागणीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता तिची किंमतही सांगतो. हेच ते पान.

डेव्हिड रिकार्डो यांचे उदाहरण तर याहून ठळक आहे. यंत्रांमुळे सर्वच वर्गांचा फायदा होतो, असे ते आधी मानत होते. आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथाच्या १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी यंत्रांवर एक नवे प्रकरण घातले आणि माणसाच्या जागी यंत्र आणणे मजूरवर्गाला पुष्कळदा फार हानिकारक ठरते, असे मत आता आपण मानतो, हे उघडपणे नोंदवले. ते प्रकरण लहान आहे. नव्या वाचकाने तेथूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. दुसऱ्या बाजूने पाहिल्यास, १८४८ च्या 'कम्युनिस्ट जाहीरनाम्या'त मार्क्स आणि एंगेल्स यांनी भांडवलदारवर्गाने जेमतेम शंभर वर्षांत आधीच्या साऱ्या पिढ्यांहून प्रचंड उत्पादनशक्ती उभ्या केल्या, असे म्हटले आहे. ही स्तुती वगळली तर त्यांची टीका नीट कळत नाही, कारण एवढी शक्ती हाती असूनही दारिद्र्य का उरते, हाच त्यांचा प्रश्न होता.

तिसरी गोष्ट म्हणजे आकड्यांची आणि साक्षींची तपासणी. येथे घाई करू नये. एडविन चॅडविक यांच्या ब्रिटिश मजूरवर्गाच्या आरोग्यस्थितीवरील १८४२ च्या अहवालात मृत्यूच्या सरासरी वयाचा एक तक्ता आहे. मँचेस्टरमधील मजुरांसाठी तो आकडा १७ वर्षे आहे आणि रटलंड या ग्रामीण परगण्यातील मजुरांसाठी ३८. मँचेस्टरच्या उच्चभ्रू वर्गाचा आकडाही ३८ च आहे. म्हणजे औद्योगिक शहरातील श्रीमंत आणि खेड्यातील मजूर एका पातळीवर येतात. हा तक्ता वाचून कोणीही हादरेल, आणि हादरावेच. मात्र त्यावरून मँचेस्टरचा मजूर सतराव्या वर्षी मरत असे, असा अर्थ काढणे चूक आहे. लहान मुलांचे मृत्यू खूप असले की ही सरासरी झपाट्याने खाली येते. शिवाय ज्या शहरात तरुण कुटुंबे आणि मुले अधिक, तेथे मरणाऱ्यांतही मुलांचेच प्रमाण अधिक असते. आकडा खरा आहे, पण तो घाणेरडे पाणी, दाटीची घरे आणि बालमृत्यू यांबद्दल बोलतो, प्रौढ मजुराच्या आयुर्मानाबद्दल नव्हे.

साक्षींचेही तसेच. १८३२ मध्ये मायकेल सॅडलर यांच्या संसदीय समितीपुढे गिरणीकामगारांनी बालपणातील मारहाणीच्या आणि प्रदीर्घ पाळ्यांच्या कहाण्या सांगितल्या. समितीने एकच बाजू ऐकली, अशी मालकांची तक्रार होती आणि पुढच्या वर्षी नवा चौकशी आयोग नेमला गेला. त्या आयोगानंतरही कायदा झालाच: १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी केली आणि देखरेखीसाठी चार निरीक्षक नेमले. साक्षीदार एका बाजूचा आहे एवढ्यावरून त्याची साक्ष खोटी ठरत नाही. ती दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहायची असते.

औद्योगिक क्रांतीत ब्रिटिश कामगारांचे राहणीमान सुधारले का, यावर इतिहासकार अजून भांडतात. लिंडर्ट आणि विल्यमसन यांनी १९८३ मध्ये १८२० ते १८५० या काळात खरी मजुरी, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून मोजलेली मजुरी, जवळजवळ दुप्पट झाल्याचे मांडले. चार्ल्स फाइनस्टीन यांनी १९९८ मध्ये किमती, बेकारी आणि अवलंबून असलेल्या माणसांची संख्या यांचा नव्याने हिशेब करून १७८० च्या दशकापासून १८५० च्या दशकापर्यंतची सुधारणा १५ टक्क्यांहून कमी होती, असा निष्कर्ष काढला. अशा ठिकाणी कोणता आकडा आवडला हे न पाहता कोणती वर्षे घेतली, किमतींचा निर्देशांक कसा बांधला आणि सरासरीत कोण झाकला गेला, हे विचारावे. गिरणीतील कुशल सूतकताई कामगार आणि उपासमारीला लागलेला हातमाग विणकर एकाच सरासरीत बसवले की दोघेही दिसेनासे होतात.

चौथे, लेखक कोणत्या देशातून बोलतो ते पाहावे. खुल्या व्यापाराचे ब्रिटनमधून जे चित्र दिसते, ते उद्योगांत मागे असलेल्या देशातून दिसत नाही. म्हणूनच अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये अमेरिकेसाठी आणि फ्रीडरिश लिस्ट यांनी १८४१ मध्ये जर्मनीसाठी बाल्यावस्थेतील उद्योगांना संरक्षण मागितले. वसाहतीतून बोलणाऱ्याला आणखी वेगळे दिसते: दादाभाई नौरोजी यांचा मुख्य मुद्दा भारताची संपत्ती बाहेर वाहून जाते, हा होता. महात्मा गांधींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये यंत्रसंस्कृतीच नाकारली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये त्याला उत्तर देताना म्हटले की दुष्परिणाम खरे आहेत, पण दोष यंत्राचा नसून खाजगी मालमत्ता आणि वैयक्तिक लाभ यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि यंत्रामुळेच माणसाला विचार करायला फुरसत मिळते. दोघेही गरिबांच्या बाजूने बोलत होते. वर सांगितलेला यंत्र आणि मालकी यांतला भेद येथे किती उपयोगी पडतो, ते ताडून पाहावे.

सरावासाठी १९४४ हे एकच वर्ष घ्यावे. त्या वर्षी अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी 'द रोड टू सर्फडम' या ग्रंथात शासकीय नियोजन गुलामगिरीकडे नेते असा इशारा दिला. कार्ल पोलान्यी यांनी 'द ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन' या ग्रंथात श्रम, जमीन आणि पैसा यांना निव्वळ माल मानणारा बाजार समाज उद्ध्वस्त करतो, असे मांडले. आणि इतिहासकार एरिक विल्यम्स यांनी ब्रिटिश उद्योगांच्या उभारणीत गुलामांच्या व्यापारातील नफ्याचा वाटा दाखवून दिला. पहिले दोघे व्हिएन्नात वावरलेले आणि युरोपचा तोच विध्वंस पाहिलेले, तरी निदान अगदी उलट. वाचताना प्रत्येकाने संकटाचे मूळ कोठे धरले, ते एका वाक्यात लिहून काढावे. मग ते दुसरे पान शोधावे: हायेक यांनी सर्वांना अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी देणे आणि सामाजिक विमा मान्य केलेला आहे, तर पोलान्यी यांनीही बाजार सर्वस्वी नाहीसा करावा असे म्हटलेले नाही. ती वाक्ये ग्रंथांत नेमकी कोठे आणि कोणत्या अटींसह येतात, ते स्वतः वाचून टिपल्याशिवाय दोघांपैकी कोणाच्याही बाजूने निकाल देऊ नये.