यूएनच्या पॉलिटिकल मिशनला जाताय? वही उघडायच्या आधी हे वाचा

इन्स्पिरावर (यूएनची नोकऱ्यांची वेबसाइट) अर्ज, यूएन व्हॉलंटिअर वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. फक्त पैसे घेऊन 'लावून देतो' म्हणणारा भेटला तर हाकलून द्या, यूएन भरतीसाठी एक रुपया घेत नाही.

मी नेपाळमध्ये होतो, अनमिनमध्ये, म्हणजे यूएनच्या तिथल्या पॉलिटिकल मिशनमध्ये (शांतिसेना नाही, सैन्याविना शांतता प्रक्रियेला मदत करणारं मिशन), नेपाळगंजच्या ऑफिसात. नोव्हेंबर २००६ ला माओवादी आणि सरकारचा शांतता करार झाला आणि जानेवारी २००७ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १७४० करून हे मिशन काढलं. ठरावात कामं मोजकीच. माओवाद्यांच्या ७ मुख्य आणि २१ छोट्या छावण्या आणि नेपाळी सेना यांच्या शस्त्रांवर नि माणसांवर नजर ठेवायची, युद्धबंदीच्या देखरेखीला हातभार लावायचा, संविधान सभेच्या निवडणुकीला तांत्रिक मदत करायची. बस. शस्त्रांवर नजर ठेवणारे आर्म्स मॉनिटरसुद्धा बिनहत्यारी, आणि छावणीतल्या शस्त्रांच्या कंटेनरची चावी माओवाद्यांकडेच!

पण गावात यूएनची पांढरी गाडी शिरली की लोकांना हे कुठून माहीत असणार. एखादा येतो, म्हणतो माझी जमीन बळकावली, करारात परत देऊ लिहिलंय पण देत नाहीत. तुम्ही वही काढता, नाव, किती बिघा, कोणी घेतली सगळं लिहून घेता. इथेच माती होते. तुमच्यासाठी ती नोंद असते हो, त्याच्यासाठी ती केस दाखल झालेली असते, तो घरी सांगतो, घरचे शेजारी सांगतात, जमीन दाबून बसलेल्याच्या कानावर जातं की हा यूएनकडे गेला होता, मग तक्रार करणाऱ्यालाच दम मिळतो आणि तुमच्या हातात ना पोलीस ना कोर्ट. मी यात पुरता अडकलो, आजही तो माणूस आठवला की झोप उडते. म्हणून वही बंद ठेवून आधी सांगा की आम्ही काय करू शकत नाही. चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. मानवाधिकाराचा मामला असेल तर ओएचसीएचआरचं, म्हणजे यूएनच्या मानवाधिकार उच्चायुक्तांचं, वेगळं ऑफिस तिथे २००५ पासून होतं, तिकडचा रस्ता दाखवा, पण त्याने हो म्हटल्याशिवाय नाव पुढे देऊ नका. परत सांगतो, हो म्हटल्याशिवाय नाही.

हे मला कुठल्या ट्रेनिंगने शिकवलं नाही. मोठ्या सीनियरचे सल्ले बहुतेक पुढची पोस्ट कशी मिळवायची याचेच असतात असं माझं मत झालंय. शिकवलं आमच्या लोकल लँग्वेज असिस्टंटने, प्रत्येक मीटिंगआधी विचारायचा, "आज कशाला नाही म्हणायचं आहे?"

आपल्याला नेपाळी पेपर पहिल्या आठवड्यातच बऱ्यापैकी वाचता येतो, त्यावर फुगू नका. पासपोर्ट भारतीय आहे आणि तिथे दिल्लीचा विषय फार नाजूक. चहाच्या दुकानात राजकारणावर मत द्यायचं नाही, गप्पिष्ट लोकांना जड जातं पण जमतं.

आणि नोकरी मॅन्डेटइतकीच, म्हणजे सुरक्षा परिषदेने मिशनला दिलेल्या काम-मुदतीइतकीच टिकते. एप्रिल २००८ ला निवडणूक झाली आणि त्याच वर्षी रीजनल ऑफिसं बंद, आम्ही घरी. मिशनला पुढे सहा-सहा महिने, मग चार-चार महिने मुदतवाढ, १५ जानेवारी २०११ ला तेही संपलं, छावण्यांतल्या हजारो माओवादी लढवय्यांचं काय करायचं हे ठरायचं बाकी असताना. त्यामुळे या पगारावर होम लोन काढू नका. पण घाबरूनही जाऊ नका, आमच्यातले बरेच जण दुसऱ्या मिशनवर लागले, फील्डचा अनुभव असलेली माणसं हवीच असतात. कोलंबियातलं मिशन डोक्यात असेल तर आजपासून स्पॅनिश, लिबिया असेल तर अरबी, नुसत्या इंग्रजीवर तिथे टिकाव लागणं अवघड आहे.